साडेअकरा

आंबे काढायची घळ वर्षानुवर्षं माझ्या हातात आहे, पण तिची काठी किती जाड आहे हे मोजून बघावं असं कधी मनात आलं नव्हतं. यंदा एप्रिलमध्ये एका रात्री जेवणं आटोपल्यावर मी शिवणाच्या डब्यातली टेप काढली आणि पडवीच्या कोपऱ्यात उभ्या असलेल्या त्या काठीला गुंडाळली. साडेअकरा सेंटिमीटर. पेराजवळ किंचित जास्त. टेप तशीच हातात धरून मी पायरीवर किती वेळ बसले होते कोण जाणे. आतून हाक आली, "झोपायचं नाही का?" तेव्हा उठले.

त्याच दिवशी सकाळी अंगणवाडीच्या ताई बागेत आल्या होत्या. आमची बाग दापोलीकडून मंडणगडला जाताना खाडीच्या अंगाला उतरणाऱ्या कातळावर. फेब्रुवारीत काजू लागला की कातकरवाडीतली दोन कुटुंबं कामाला येतात, ती आंबा संपेपर्यंत असतात. कामाचे दिवस म्हटले की अंगणवाडीतला वजनाचा दिवस त्यांच्याकडून चुकतो. म्हणून ताई स्वतःच उन्हातून चढण चढून आल्या, खांद्याला पिशवी, पिशवीत काटा. रायवळच्या एका खालच्या फांदीला त्यांनी काटा टांगला, त्याला ती चड्डीसारखी निळी झोळी अडकवली आणि त्या दोन कुटुंबांतल्या एकीच्या धाकटीला आत ठेवलं. वीस महिन्यांची पोर. ती रडली नाही. माझी नात त्या वयाची असताना डॉक्टरांच्या काट्यावर तिने दवाखाना डोक्यावर घेतला होता. ही मात्र झोळीत बसून फांदीकडे बघत राहिली, पाय लोंबत, मान एका बाजूला. सात किलो सहाशे. मग ताईंनी तिचा डावा दंड हातात घेतला, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये पट्टी गुंडाळली आणि पट्टीतल्या छोट्या खिडकीतून रंग बघितला. पट्टी सोडून पुन्हा गुंडाळली. पुन्हा लालच. अकरा पूर्णांक तीन.

"हिला सकाळी काय दिलंस गं खायला?" ताईंनी तिच्या आईला विचारलं.

"खातच नाय वो ताई काय. बिस्कूट तेवढं खातं."

धाकटीच्या उजव्या मुठीत ग्लुकोजचं बिस्किट होतं, लाळेने भिजून मऊ झालेलं. ते मी दिलेलं होतं. मार्चपासून रोज सकाळी मी बागेत येताना पाच रुपयांचे पुडे आणायचे, मुलांच्या हातात एकेक द्यायचे. मुलं सावलीत गप्प बसायची आणि आयांचे हात कामातून सुटत नसत. मला मुलं आवडतात आणि म्हणून मी पुडे आणते असंच मी समजत होते. ते खोटं नव्हतं. पण त्या ओल्या बिस्किटाकडे बघताना त्यातला दुसरा भाग मला पहिल्यांदा दिसला, आणि तो दिवसभर डोळ्यांसमोरून हलेना. ताई मला काहीच बोलल्या नाहीत. त्यांनी वहीत आकडा लिहिला, लाल पेनाने त्याला गोल केला, आणि माझ्याकडे पाणी मागितलं.

पट्टीचं गणित त्यांनी मला पाणी पिता पिता समजावलं. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत दंडाचा घेर फारसा वाढत नाही, म्हणून सगळ्यांना एकच पट्टी चालते. साडेबाराच्या वर हिरवा, साडेअकरा ते साडेबारा पिवळा, साडेअकराच्या खाली लाल. लाल म्हणजे सॅम, तीव्र कुपोषित. हे शब्द मी वर्तमानपत्रात वाचलेले होते. १९९२ साली जव्हारच्या वावर-वांगणीत मुलं दगावली तेव्हा मी कॉलेजात होते आणि त्या बातम्या वाचून रडलेही होते. पण तेव्हा मनात असं होतं की ते सगळं तिकडे, डोंगरात. आपल्याकडे समुद्र आहे, माड आहेत, फणस तर परसात कुजून जातात. आपल्या किनाऱ्यावर मूल उपाशी कसं राहील? पुढे कधीतरी राज्याचे आकडे वाचनात आले. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी आणि २५.६ टक्के उंचीच्या मानाने लुकडी. दर चौथं मूल. तरीही ते चौथं मूल माझ्या रायवळखाली बसलेलं असेल हे मनाला शिवलं नव्हतं.

माझ्या धाकट्या भावाचं उष्टावण मला चांगलं आठवतं. चांदीची वाटी, तांदळाची खीर, मामाच्या मांडीवर बसलेला तो आणि त्याच्या गालांवर ओघळलेली खीर पुसायला धावलेल्या तीन बायका. उष्टावणाचा सोहळा सगळ्यांच्या लक्षात राहतो. पण खरं काम दुसऱ्या दिवशी सुरू होतं आणि ते दोन वर्षं चालतं, हे आमच्या आजीला ठाऊक होतं. सकाळी नऊला ती भावाला घेऊन मागच्या पायरीवर बसायची. हा घास काऊचा, हा घास चिऊचा, हा पलीकडच्या म्हशीचा. एका वाटीला तासभर लागायचा. तो तोंड फिरवायचा, उठून पळायचा, ती थांबायची, पुन्हा बोलवायची. तिने कधी त्याच्या तोंडात कोंबलं नाही आणि कधी वाटी अर्धी ठेवून ती उठलीही नाही. घरात आजी, आई, काकू आणि एक विधवा आत्या अशा चार बायका होत्या, म्हणून एकीला तासभर पायरीवर बसता यायचं.

हे लिहिताना त्या पायरीवरून दिसणारी आणखी एक गोष्ट आठवली. मागच्या दारी जांभळीखाली एक टोपली असायची, तिच्यात एक मूल निजलेलं असायचं. आमच्याकडे भात कांडायला यायची तिचं. सकाळी यायची, दिवस कलल्यावर जायची. मुसळाचा आवाज माझ्या कानात अजून आहे, ते मूल टोपलीत उठून बसलेलंही मला दिसतं, पण त्याला कोणी काही भरवताना मी बघितलेलं मला आठवत नाही. खूप आठवून पाहिलं. आजी प्रेमळ होती, जाताना ती त्या बाईच्या पदरात तांदळाच्या कण्या, उरलेली भाजी घालायची. पण पायरीवरचा तो तासभर आमच्या घरात होता, कारण कांडणाचा तास त्या बाईने उचललेला होता.

रात्री काठीला टेप गुंडाळली ती या सगळ्यामुळे.

दुसऱ्या दिवशी मी धाकटीच्या आईचा दिवस नीट बघितला. इतकी वर्षं ती समोर असून मी तो बघितला नव्हता. पहाटे पाण्याला. सहाला चूल, कोरा चहा. मुलंही कोरा चहाच पितात, त्यात बिस्किट बुडवून. सातला वाडीतून निघून आठाच्या आत बागेत. दुपारी एकला जेवण, म्हणजे सकाळीच बांधून आणलेला भात आणि वर सुकटीचं कालवण. त्या वेळी धाकटी अंगावर पिते, दोन घास भाताचे खाते आणि झोपते. संध्याकाळी सहाला घरी, सरपण, चूल, आठाला भात. तोवर धाकटी झोपलेली. म्हणजे वीस महिन्यांच्या पोरीच्या पोटात दिवसाकाठी धड एक वेळचं जेवण, तेही दोन घासांचं, बाकी चहा, बिस्किट आणि अंगावरचं दूध. दिवसभर तिला कडेवर घेऊन हिंडते ती थोरली. थोरली सात वर्षांची आहे.

लहान मुलाचं पोट किती असतं, हेही मला ताईंनीच सांगितलं. वजनाच्या दर किलोला साधारण तीस मिलिलिटर. सात किलो सहाशेच्या पोरीचं पोट म्हणजे जेमतेम सव्वादोनशे मिलिलिटर, आपली एक मोठी वाटी. त्या वाटीत तुम्ही पातळ पेज ओतली तर पोट भरतं, पण त्यात पाणीच जास्त. आणि एकदाच वाटी भरली तर दिवसाची गरज भागतच नाही. या वयाच्या मुलाला तीन-चार वेळा जेवण आणि मध्ये एक-दोनदा काहीतरी खाऊ लागतो. मोठ्या माणसासारखं दोन वेळा ताट भरून जेवणं त्याला शक्यच नसतं. त्याच राष्ट्रीय पाहणीत देशभरातल्या सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांपैकी पुरेसा आहार मिळणारी मुलं ११.३ टक्के निघाली. शंभरातली अकरा. उरलेल्या एकोणनव्वदांच्या घरी तांदूळच नसेल असं नाही. धाकटीच्या घरी रेशनचा तांदूळ होता. हिरव्या आणि लाल रंगांमध्ये जे अंतर होतं ते तांदळाचं कमी आणि भरवणाऱ्या हाताचं जास्त होतं. तो हात दिवसभर माझ्या बागेत होता. मी त्याची रोजची मजुरी देत होते, ठरल्याप्रमाणे, वेळच्या वेळी. त्यात लबाडी काही नव्हती. तरी तो वेळ मी विकत घेतला होता.

आणखी एक हिशेब मी बोटांवर केला आणि तो केला नसता तर बरं असं वाटलं. धाकटी ऑगस्टची. म्हणजे तिच्या आदल्या हंगामात, फेब्रुवारी ते मे, ती पोटात होती. तिची आई तेव्हाही आमच्याच बागेत होती. आंब्याने भरलेले क्रेट डोक्यावर घेऊन कातळ चढत होती, आणि मी कौतुकाने म्हणत होते, बघा, पोटुशी असून किती काटक. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि केईएम रुग्णालयातले त्यांचे सहकारी १९९३ पासून गरोदर बायका आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास करत आले आहेत. ज्या बायका पालेभाज्या, फळं, दूध वरचेवर खात होत्या त्यांची बाळं जन्मतः थोराड होती, आणि गरोदरपणात ज्यांच्या वाट्याला अंगमेहनत जास्त आली त्यांची बाळं लहान. इकडे आपल्या डेरवणलाही वालावलकर रुग्णालयाने कोकणातल्या किशोरवयीन मुलींपासूनच अभ्यासाला हात घातला आहे, कारण दोन किलोचं बाळ जन्मतं त्याची सुरुवात त्याच्या आईच्या मुलगीपणात झालेली असते. धाकटीची आई स्वतः किती किलोची आहे हे मी विचारलं नाही. बघून कळतं.

सरकारकडे योजना नाहीत असं नाही. अंगणवाडीत तीन ते सहा वर्षांच्या मुलांना गरम ताजा आहार शिजवून मिळतो. त्याहून लहान मुलांना घरी न्यायचा शिधा मिळतो, ताई त्याला टीएचआर म्हणतात. सर्वसाधारण मुलाला रोज ५०० उष्मांक आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनं, तीव्र कुपोषित मुलाला ८०० उष्मांक, असं प्रमाण ठरलेलं आहे. पण ज्या वयात मूल सगळ्यात जास्त घसरतं त्याच वयात त्याचा वाटा पाकिटातून घरी जातो, आणि घरी गेल्यावर ते पाकीट पाच जणांचं होतं. भुकेल्या थोरलीच्या समोर धाकटीचा शिरा वेगळा कसा काढणार? अब्दुल कलामांच्या नावाची अमृत आहार योजना आहे, गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचं पूर्ण जेवण देणारी. ती मुळात अनुसूचित क्षेत्रांसाठी आखलेली, आणि रत्नागिरी जिल्ह्यात अनुसूचित क्षेत्र नाही. कातकरी मात्र आहेत, राज्यातल्या तीन अतिमागास आदिम जमातींपैकी एक. वीस घरांची वाडी, गावाबाहेर, कुणाच्या तरी जमिनीवर. दिवाळीनंतर त्यातली निम्मी घरं वीटभट्ट्यांवर नाहीतर कोळशाच्या भट्ट्यांवर गेलेली असतात. नाव एका अंगणवाडीत, मूल दुसऱ्या तालुक्यात.

अशा वेळी मला बोर्डी आठवते. आपल्याच किनाऱ्याचं उत्तर टोक. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये तिथे ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं आणि त्यांच्या लक्षात आलं की हरिजनवाड्यातली, आदिवासी पाड्यांतली मुलं केंद्रात येतच नाहीत. मग ताराबाई आणि अनुताई वाघ मुलांच्या अंगणात जाऊन बसल्या. अंगणात भरते ती अंगणवाडी. मुलांना न्हाऊ घालायचं, केस विंचरायचे, गाणी म्हणायची, खाऊ द्यायचा, हे सगळं त्यांच्या दारात. पुढे १९५७ मध्ये त्या कोसबाडच्या टेकडीवर गेल्या, तिथे गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरवली. २ ऑक्टोबर १९७५ ला देशात एकात्मिक बालविकास योजना ३३ प्रकल्पांनी सुरू झाली तेव्हा अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. पण मूल जिथे असेल तिथे जायचं, हा त्यातला जीव होता. त्या सकाळी रायवळच्या फांदीला काटा टांगणाऱ्या ताई नेमकं तेच करत होत्या. त्यांना त्याचे वेगळे पैसे मिळत नाहीत.

ताईंनी धाकटीला आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात नेलं. पायांवर सूज नव्हती, ताप नव्हता, भूक चाचणीत तिने थोडं खाल्लं. डॉक्टर म्हणाले, पोषण पुनर्वसन केंद्रात चौदा दिवस ठेवलं तर उत्तम. आई नाही म्हणाली. बुडीत मजुरी देतात हे ताईंनी सांगितलं, तरीही नाही. मला राग आला. स्वतःच्या पोरीच्या जिवापेक्षा काय महत्त्वाचं, असं मी घरी येऊन बोललेही. दोन दिवसांनी थोरली तापाने फणफणली तेव्हा तिला उन्हात सावलीला निजवून तिची आई क्रेट उचलत होती, आणि मला कळलं की चौदा दिवस ती दवाखान्यात असती तर थोरलीकडे, मधल्या मुलाकडे आणि आंधळ्या सासूकडे बघायला कोणीच नव्हतं. डॉक्टरांनी मग घरीच प्रयत्न करू म्हटलं, औषधं दिली, दर आठवड्याला वजन आणि काही बिघडलं तर तडक आणायचं या अटीवर.

म्हणून आम्ही दहा आणि चार ठरवलं. सकाळी दहाला आणि दुपारी चारला धाकटीच्या आईने काम थांबवायचं, हात धुवायचे, अर्धा तास तिला भरवायचं. मजुरी कापायची नाही. घरात यावर थोडी बोलाचाली झाली, कारण एकीला दिलं की सगळ्यांना द्यावं लागतं, आणि हंगामात बागेचा अर्धा तास म्हणजे काय ते बागायतदारालाच कळतं. शेवटी लहान मूल असलेल्या तिघींना दिलं.

भरवायचं काय, हा प्रश्न मला सोपा वाटला होता. आजीच्या पद्धतीने नाचणी भिजवली, एक रात्र पाण्यात, मग ओल्या पंच्यात बांधून खुंटीला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पंचा सोडला तर पांढरे बारीक मोड, मातीचा आणि ओल्या गवताचा वास. सावलीत वाळवायची, मंद आचेवर नुसती गरम होईपर्यंत भाजायची, जात्यावर नाहीतर चक्कीवर दळायची, वस्त्रगाळ करायची. आजी म्हणायची मोडाची नाचणी पोटाला हलकी. त्यामागचं कारण मला आता कळलं. मोड आले की धान्यातलं पिष्ट फुटतं, म्हणून शिजवल्यावर पेज घट्ट गोळा होत नाही. साध्या पिठाचे दोन चमचे घातले की वाटीत लापशी उभी राहते, मोडाच्या पिठाचे चार घातले तरी ती पोराला गिळता येते. त्याच छोट्या वाटीत दुप्पट धान्य. वर शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम. त्यात गूळ आणि चमचाभर खोबरेल नाहीतर तूप. मी अभिमानाने डबा भरून नेला.

धाकटीने तीन दिवस तोंड उघडलं नाही.

खूप दिवस पोट रिकामं राहिलं की भूक मरते, हा आपल्याकडे नुसता बोलण्यातला शब्द आहे असं मला वाटायचं. तो शब्दशः खरा आहे. शरीर आपला कारभार आखडता घेतं, मूल मागतच नाही, म्हणून आईला वाटतं की याला नको आहे. धाकटी चमच्याकडे बघायची आणि मान वळवून आईच्या पदरात घुसायची. मी चमचा पुढे केला की जास्तच. चौथ्या दिवशी तिच्या आईने माझ्या हातातला डबा काढून घेतला, वाटीतली पेज बोटावर घेतली आणि कमरेच्या पिशवीतून काहीतरी चिमूटभर काढून तिच्यात कालवलं. भाजून कुटलेला जवळा. धाकटीने बोट चोखलं. पुन्हा चोखलं. गुळाची गोड पेज तिला नकोच होती, तिच्या जिभेला खारं माहीत होतं. मी पंचेचाळीस वर्षांपूर्वीच्या माझ्या भावासाठी पेज करून आणली होती.

त्या दिवसापासून मी करणं कमी केलं आणि बघणं वाढवलं. अंगणवाडीच्या भिंतीवर आहाराचा तक्ता असतो, त्यात सफरचंद असतं, द्राक्षाचा घड असतो. धाकटीच्या आईला कातळावरचा कुठला पाला कोवळा, ओहोळात कुठल्या दगडाखाली कुर्ली, खाडीच्या ओहोटीला तिसऱ्या शिंपल्या कुठे लागतात, हे सगळं ठाऊक आहे. तिला ते शिकवायला कोणी नको. तिला ते शोधायला, शिजवायला आणि पोरीसमोर बसायला वेळ नाही. मे महिन्यात फणसाच्या आठळ्या उकडून, कुस्करून तिने भातात घातल्या. अंगणातल्या शेवग्याचा पाला मी नेऊन दिला तर तो तिने तव्यावर कोरडा करून डब्यात भरून ठेवला. अंडी आमच्याकडची. हर्णैला लिलावाला जाणाऱ्या शेजाऱ्याला सांगून जवळा आणि बांगडे मागवले, कारण १ जूनला मासेमारी बंद होते ती ३१ जुलैपर्यंत, आणि त्या दोन महिन्यांत वाडीवर सुकट हाच आधार. सुकटीचा भाव ऐकून मात्र मी गप्प झाले. गरिबाच्या भाताला लावायची ती मासळी. तारलीसारखी बारीक मासळी टेम्पो भरभरून फिश मीलच्या कारखान्यांकडे जाते, तिची भुकटी होऊन कोंबड्यांना आणि कोळंबीला खायला जाते. वाडीतल्या पोराच्या वाटीत चिमूटभर पडायला ती महाग.

एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मेच्या दुसऱ्या आठवड्यात वाशीला जाणारा टेम्पो संध्याकाळी पाचला यायचा होता, चाळीस पेट्या भरायच्या बाकी होत्या आणि आभाळ भरून आलं होतं. चार वाजले. धाकटीच्या आईने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "आजच्या दिवस थांब गं, एवढं होऊ दे." ती थांबली. काही बोलली नाही. पेट्या भरल्या, टेम्पो गेला, पाऊस आलाच नाही. सहा वाजता ती धाकटीला कडेवर घेऊन उतरली तेव्हा पोरगी झोपली होती. पेट्यांचे पैसे आठवड्याने आले. त्या पैशाने काय काय झालं ते मी विसरले आहे, तिचं ते बघणं विसरले नाही. दुसऱ्या दिवशी चारला मी स्वतः जाऊन तिच्या हातातला क्रेट काढून घेतला, पण ते काही आदल्या दिवसाच्या बदल्यात मोजता येत नाही.

जूनच्या मध्यावर, पहिल्या सरी पडून गेल्यावर, वजन आठ किलो दोनशे भरलं. दंड अकरा पूर्णांक नऊ. पिवळा. झोळीत बसवल्यावर तिने असं काही भोकाड पसरलं की ताईंना हसू आवरेना. मीही हसत होते आणि डोळे पुसत होते. मग जुलै आला. वाडीच्या विहिरीचं पाणी गढूळलं, धाकटीला आठ दिवस हगवण लागली. ओआरएस, जस्ताच्या गोळ्या चौदा दिवस, वजन पुन्हा आठवर. जे दहा आठवड्यांत मिळालं त्यातला तिसरा हिस्सा आठ दिवसांत वाहून गेला. ताईंना यात नवल नव्हतं. त्या म्हणाल्या, विहिरीवर जाळी टाकायला तीन वर्षं अर्ज करतेय. पुन्हा करीन.

लावणीला आमच्याकडे मजूर लागत नाहीत, भाताची जमीन थोडी. धाकटीची आई त्या दिवसांत खालच्या वाडीतल्या एका शेतावर जाते. जुलैच्या शेवटी मी रस्त्याने येत होते, पाऊस उघडला होता. शेतात सात-आठ बाया ओळीने वाकलेल्या, डोक्यावर इरली. बांधावर आंब्याखाली थोरली धाकटीला घेऊन बसलेली. शेताचे मालक रस्त्याशी उभे होते. मला बघून म्हणाले, "वहिनी, तुमच्या बागेतली सवय आता आमच्याकडे आली हो. मधेच उठतात." त्यांच्या बोलण्यात राग होता की नुसती तक्रार, मला कळलं नाही. उत्तर काय द्यावं तेही सुचलं नाही. त्यांचं नुकसान मला समजत होतं, चाळीस पेट्यांची संध्याकाळ माझ्याही अंगावर होती. मी एवढंच म्हटलं, "अर्ध्या तासाचं काम आहे भाऊ. मी येते हवं तर लावायला." ते हसले नाहीत. चिखलाकडे बघत उभे राहिले.

ओळीतली एक बाई सरळ झाली. रोपांची जुडी तिने शेजारणीकडे दिली, बांधावर चढली, पाटाच्या पाण्यात कोपरापर्यंत हात धुतले. नखांतला चिखल जाईना म्हणून दगडावर घासले. पदराला पुसले. थोरलीने डबा उघडून ठेवला होता. धाकटी तिच्या मांडीवरून उतरली, पाय फाकवत आईच्या दिशेने चालत गेली आणि आई बसायच्या आधीच तिने तोंड उघडलं.